वाचलं

परवा एका जुन्या सर्टिफिकेटची स्कॅन कॉपी हवी होती म्हणून कॉलेजच्या वेळचा मेल आयडी उघडला. पासवर्ड आठवण्यात अर्धा तास गेला, सर्टिफिकेट काही सापडलं नाही, पण डाव्या बाजूला 'गुरुवार' नावाचा एक फोल्डर दिसला आणि मी खुर्चीत जरा सरसावून बसले. १८३ मेल. फोल्डर मीच केलेला, पण केल्याचं साफ विसरले होते. आत काय आहे ते मात्र न उघडताही माहीत होतं.

पहिला मेल रात्री ११:४० चा. सब्जेक्ट रिकामा. आत एकच शब्द, "झालं." त्याखाली मॅडमचं उत्तर, दुसऱ्या दिवशी सकाळी १०:०५ चं: "वाचलं. नाश्ता केलास का? नसेल तर आत्ता कर. बाकी गुरुवारी."

बाहेरच्या कुणाला यातून काही कळणार नाही, आणि तीच तर त्यातली सोय होती.

तेव्हा २००९ साल होतं, मी २२ वर्षांची, आणि मला बुलिमिया होता. म्हणजे दिवसभर स्वतःला उपाशी ठेवायचं, रात्री घर झोपलं की ताबा सुटून खायचं, इतकं की चव वगैरे काही लागत नाही, आणि मग ते सगळं उलटवून टाकायचं, आणि सकाळी उठून कालच्याची भरपाई म्हणून परत उपाशी. किती खायचे, किती वेळा, वजन किती होतं, असले आकडे मी इथे देणार नाही, कारण ज्यांना हा आजार आहे ती माणसं आकडे गोळा करतात, मी पण करायचे, दुसऱ्याच्या आजाराची गोष्ट वाचताना डोळे थेट आकड्यावर जायचे आणि मग आपण तिच्यापेक्षा 'कमी आजारी' आहोत याचीच लाज वाटायची. तर ते नको.

या आजाराला नाव मिळालं १९७९ मध्ये, जेराल्ड रसेल नावाच्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी दिलं. अनोरेक्सियाचं, म्हणजे खाणं जवळजवळ सोडूनच देण्याच्या आजाराचं, नाव त्याच्याही शंभरेक वर्षं आधीचं. याचं एक कारण मला तरी उघड वाटतं, अनोरेक्सिया दिसतो. माणूस डोळ्यांदेखत वाळत जातो. बुलिमियात बहुतेक वेळा वजन चारचौघांसारखंच असतं, त्यामुळे घरात, ऑफिसात, मैत्रिणींत कुणाला पत्ता लागत नाही, उलट "तू मस्त मेंटेन केलंयस" असं ऐकायला मिळतं आणि ते ऐकून आपण हसतो पण.

तर माझी ओपीडी गुरुवारी दुपारी चारला असायची. सायकॉलॉजिस्ट मॅडम, पन्नाशीच्या, चष्मा दोरीला अडकवलेला, बोलणं कमी. ॲडमिट करण्याइतकी माझी तब्येत खालावलेली नव्हती म्हणून ओपीडीवरच भागवायचं असं ठरलं होतं. आठवड्याचे तास १६८, त्यातला एक मॅडमच्या समोरच्या खुर्चीत. उरलेले १६७ मी आणि तो आजार. आणि त्या आजाराची स्वतःची अशी ओपीडी होती, रोज रात्री साडेदहानंतर, अपॉइंटमेंट लागत नाही.

गुरुवारी चारला मी कशी असायचे? केस विंचरलेले, दुपार, बाहेर ऊन, वेटिंगमध्ये लहान मुलं खेळतायत, त्या उजेडात रात्रीचं काही खरंच वाटायचं नाही. मॅडम विचारायच्या कसा गेला आठवडा, मी म्हणायचे बरा गेला. खोटं बोलायचा इरादा नसायचा हो. गुरुवारच्या मला मंगळवार रात्रीची मी नीट आठवायचीच नाही, आठवली तरी परकी वाटायची, आणि परक्या बाईबद्दल वाईट कशाला बोला.

मॅडमनी सुरुवातीला एक तक्ता दिला होता भरायला. काय खाल्लं, किती वाजता, कुठे, आधी काय वाटत होतं, नंतर काय झालं. ही काही मॅडमच्या डोक्यातून निघालेली गोष्ट नाही, ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी बुलिमियासाठी जी सीबीटी (विचार आणि सवयी बदलायची, बोलून करायची थेरपी) बसवली तिचा हा पायाच आहे, स्वतःची नोंद स्वतः ठेवायची आणि ती त्याच वेळी ठेवायची, नंतर आठवून नाही. आता गंमत सांगते. मी तो तक्ता गुरुवारी पावणेचारला दवाखान्याच्या जिन्यात बसून भरायचे. सातही दिवस, एका दमात, मांडीवर पर्स ठेवून. तीन आठवडे मॅडम काही बोलल्या नाहीत. चौथ्या आठवड्यात तक्ता हातात घेतला, चष्मा लावला, कागद जरा तिरका धरला आणि म्हणाल्या, "तुझं पेन चांगलंय गं. सात दिवस एकाच दाबाने चालतं."

मी रडले नाही, मला हसू आलं, आणि वाटतं ते हसू आलं म्हणूनच पुढचं सगळं जमलं.

त्या दिवशी त्या म्हणाल्या, मेल करशील का? मेलवर वेळ पडते. खोटी वेळ टाकता येत नाही.

त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला नियम लिहून दिले. तो कागद आता नाही पण मजकूर पाठ आहे. दिवसाला एक मेल, पाच ओळींच्या वर नाही. लिहवत नसेल तर "झालं" एवढा शब्द पुरे, आणि काही झालं नसेल तर "नाही झालं". त्या सकाळी दहाला कामाच्या दिवशी मेल बघणार, एकदाच. उत्तर एक-दोन ओळींचं. कारणांची चर्चा मेलवर होणार नाही. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ मेल कुणी बघणार नाही. आणि शेवटी, अधोरेखित करून, "हा निरोप आहे, सेशन नाही."

मला ते तेव्हा फार कोरडं वाटलं होतं. आता वाटतं त्या बाईने सगळं आधीच ओळखलं होतं.

मेल करणं सोपं का गेलं याचा मी पुष्कळ विचार केलाय. एक तर समोर चेहरा नव्हता. उलटीबद्दल बोलताना समोरच्याच्या भुवयांकडे लक्ष जातं, कुठे हलतायत का, आणि मॅडमच्या भुवया कधी हलल्या नाहीत तरी मी बघायचेच. मेलला भुवया नसतात. दुसरं म्हणजे वेळ. लाज ही गोष्ट लगेच येत नाही, निदान माझी तरी नाही यायची, घडल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं डोकं बधिर असतं, तोंड धुतलेलं, हात गार, आणि त्या बधिरपणात माणूस खरं बोलू शकतो. त्यानंतर लाज येते आणि मजकूर सुधारायला लागते. हॉलमध्ये कॉम्प्युटर होता, मी अंधारात जाऊन तो सुरू करायचे, तो सुरू व्हायला वेळ घ्यायचा, पंख्याचा घर्रर्र आवाज, मला वाटायचं सगळं घर जागं होणार, आणि मग इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून सेंड दाबायचं. एकदा सेंड झालं की सुधारता येत नाही. गुरुवारी बरा गेला म्हणायची सोयच राहत नाही, कारण मॅडमकडे मंगळवार रात्री ११:४० चा कागद असतो.

आणि मग सकाळचं ते "वाचलं".

मॅडम पण इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहायच्या, त्यामुळे तो शब्द मला दर वेळी क्षणभर अडखळून लागायचा. वाचणं. मराठीत हा शब्द दोन्हीकडे चालतो हे शाळेत असल्यापासून माहिती होतं की, आपण पुस्तक वाचतो आणि बुडता माणूसही वाचतो, पण त्याकडे लक्ष कशाला जातंय. त्या वर्षी गेलं. कितीतरी सकाळी मी त्या शब्दाकडे नुसती बघत बसलेय आणि त्यातला कुठला अर्थ घ्यायचा ते त्या दिवसाच्या मूडवर ठरलंय.

"नाश्ता कर" हे मात्र मला फार राग आणायचं. रात्री एवढं सगळं झाल्यावर सकाळी परत खा? हा काय उपाय झाला? पण तेच उपायाचं मर्म असतं हे खूप नंतर पटलं. ताबा सुटतो तो आदल्या उपासामुळे, आणि दुसऱ्या दिवशीचा उपास पुढच्या रात्रीची तयारी असते. म्हणून दिवसात तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी, फार वेळ पोट रिकामं ठेवायचं नाही, काल काहीही झालेलं असो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीझ यांनी ३६ धडधाकट तरुणांना, सगळे स्वतःहून तयार झालेले, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं, महायुद्धात उपासमार झालेल्यांना परत खायला कसं घालायचं ते कळावं म्हणून. त्या पोरांना डोक्याचा वगैरे काही आजार नव्हता. तरी ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करायला लागले, स्वयंपाकाची पुस्तकं वाचायला लागले, ताटातलं पुरवून पुरवून तासन्‌तास खायला लागले, आणि नंतर भरपूर खायला मिळाल्यावरही काहींचा ताबा सुटायचा. मॅडमनी हे मला एका गुरुवारी सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा स्वतःला हावरट म्हणायचं थांबवलं. पूर्ण नाही. थोडं.

पण हे ज्ञान गुरुवारी चारला मिळालेलं, ते शुक्रवारी सकाळी नाश्त्याच्या ताटासमोर पोचवायला कुणीतरी लागतं ना. एका ओळीचा मेल ते काम करायचा. त्यात नवीन काही नसायचं. तेच ते, दर सकाळी.

मी बरी झाल्यावर, आणि स्वभावच तसा म्हणून, यावर काय काय लिहिलं गेलंय ते शोधत बसले. मॅडमनी माझ्यापुरती शक्कल काढली असं मला वाटत होतं, पण २००१ मध्येच जोएल यागर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी अनोरेक्सियाच्या ओपीडी पेशंटांशी सेशनच्या अधेमधे ईमेल ठेवण्याबद्दल लिहिलेलं आहे, उपचाराला जोड म्हणून, उपचाराच्या जागी नाही. मग २००८ चा एक ब्रिटिश अभ्यास सापडला, पॉल रॉबिन्सन आणि मार्क सर्फाटी यांचा, तो वाचून मी जरा नाराजच झाले. त्यांनी विद्यापीठातल्या ९७ जणांचे तीन गट केले. एकाला थेरपिस्टबरोबर ईमेलवर थेरपी, दुसऱ्याला नुसतं स्वतःचं स्वतः लिहायला सांगितलं, उत्तर वगैरे काही नाही, तिसरा गट वेटिंग लिस्टवर. तीन महिन्यांनी बघितलं तर वेटिंगवाल्यांपेक्षा पहिले दोन्ही गट बरे निघाले, पण त्या दोघांत, म्हणजे उत्तर येणारे आणि न येणारे यांच्यात, म्हणण्यासारखा फरक नाही.

म्हणजे "वाचलं" ची गरजच नव्हती?

हे मला बरेच दिवस टोचत होतं. मी स्वतःशी भांडून पण बघितलं, की माझं वेगळं आहे, मी तर उत्तराची वाट बघायचे. मग एक आठवलं. शनिवार-रविवारचे मेल. कुणी वाचणार नाही हे माहीत असून मी ते लिहायचे, आणि फोल्डरमध्ये आता मोजले तर शनिवार-रविवारचे मेल इतर वारांपेक्षा काही कमी नाहीत. लिहिल्यावर उठून झोपायला जायचे. कधीकधी तर लिहायला बसले आणि "आत्ता होणारे" एवढं टाइप केलं, आणि मग झालंच नाही, कारण कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत, पासवर्ड टाकेपर्यंत, ती लाट ओसरलेली. तो खटारा कॉम्प्युटर माझ्या उपचारात सामील होता म्हणायचं. तेव्हा लिहिण्याचा भाग आहे, मोठा आहे, मान्य. तरी माझं मत असं की मला लिहायला बसवलं ते कुणीतरी वाचणार आहे याने. वहीत लिही म्हटलं असतं तर मी ती पण जिन्यात बसूनच भरली असती.

एसेमेसचा प्रयोग जर्मनीत झाला. बुलिमियासाठी दवाखान्यात राहून घरी परतलेल्या बायकांना १६ आठवडे, दर आठवड्याला मोबाइलवर विचारायचं, कसं चाललंय, त्यांनी उत्तर टाकायचं, आणि प्रोग्रॅम त्यांच्या उत्तराप्रमाणे आधी लिहून ठेवलेल्यांतला एक मेसेज परत पाठवणार. स्टेफनी बावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २०१२ मध्ये छापलं, १६५ बायका होत्या, आठ महिन्यांनी मेसेजवाल्या गटात ५१ टक्के बऱ्या अवस्थेत होत्या आणि दुसऱ्या गटात ३६ टक्के. मला हे वाचून नवल वाटलं कारण तिकडे वाचणारं माणूस नव्हतंच, मशीन होतं. आणि त्याच्या उलट, ब्रिटनमध्ये २००६ साली असलाच प्रकार ओपीडीवर उपचार झालेल्या एका छोट्या गटावर करून पाहिला तर बऱ्याच जणींनी मेसेज पाठवणंच सोडून दिलं. दवाखान्यात महिनोन्‌महिने राहून आलेल्या बाईला तो मेसेज म्हणजे सुटलेल्या हाताचं बोट असेल, आणि जिला तसा हात कधी मिळालाच नाही तिला तीच गोष्ट कंपनीच्या ऑफरच्या मेसेजसारखी वाटली असेल. हा माझा अंदाज, डॉक्टर नाही मी.

आता जे बिघडलं ते.

साधारण चौथ्या महिन्यात माझे मेल वाढायला लागले. पाच ओळींचे बारा झाले, बाराचे दोन पानं. मला लिहिता येतं याचा शोध लागला होता ना. आजाराबद्दल मी इतकं छान लिहायला लागले की वाचून मलाच भरून यायचं. उपमा वगैरे. एका मेलमध्ये मी पोटाला विहीर म्हटलंय, आता वाचताना अंगावर काटा आला, लाजेने. मॅडमनी त्या दोन पानांना उत्तर दिलं, "पहिल्या पाच ओळी वाचल्या. त्यात जेवलीस का ते नाही." मी इतकी चिडले की दोन दिवस मेल केला नाही. गुरुवारी गेले ती गाल फुगवून. त्या म्हणाल्या, तुझ्यासारखे अकरा जण मला मेल करतात, पाच ओळी आहेत म्हणून मी सगळ्यांचे वाचू शकते, दोन पानं आली तर मी चाळणार, आणि चाळून "वाचलं" लिहिणं मला जमणार नाही. मला तोपर्यंत कधी वाटलंच नव्हतं की दुसऱ्या टोकाला पण एक बाई आहे, तिला पण सकाळचे दहा वाजतात, आणि या वाचण्याचे तिला कुणी वेगळे पैसे देत नाही.

मग घरातलं प्रकरण. मी एकदा लॉगआउट करायला विसरले. आईने सकाळी कॉम्प्युटर लावला आणि समोर माझा मेल. "आज दोनदा." दोनच शब्द, पण आई काय ते समजली. ती मला काही बोलली नाही. त्या दिवसापासून ती मी बाथरूममध्ये गेले की बाहेर काहीतरी काम काढून उभी राहायला लागली, टॉवेलच्या घड्या घाल, त्याच घड्या परत मोड. मला कळायचं, तिला कळायचं की मला कळलंय. शेवटी मॅडमनी तिला बोलावून घेतलं, ते सेशन मी विसरूच शकत नाही पण ते वेगळं लिहीन कधीतरी. आईने मॅडमना विचारलं, मी पण मेल करू का तुम्हाला, हिच्या नकळत? मॅडम म्हणाल्या, "करा ना. पण तुमचा मेल आला की मी हिला सांगणार, आला होता म्हणून." आईने कधी केला नाही. टॉवेलच्या घड्या मात्र थांबल्या.

आणि तो रविवार. हे लिहायचं की नाही यावर दोन दिवस घालवले. शनिवार रात्र फार वाईट गेली होती, रविवारी सकाळपासून चक्कर, पायात गोळे, आणि छातीत असं धडधडायचं की मध्येच एक ठोका चुकल्यासारखा वाटायचा. मी काय केलं? मेल केला. "छातीत कसंतरी होतंय." सोमवारी सकाळी दहापर्यंत कुणी वाचणार नाही हे मला माहीत होतं, प्रिस्क्रिप्शनच्या पाठीवर लिहिलेलं होतं, तरी मेल करून मला हायसं वाटलं, जणू मी सांगितलं, आता माझी जबाबदारी संपली, आणि मी झोपून गेले. सोमवारी दहा वाजून सहा मिनिटांनी घरचा फोन वाजला. मॅडमनी त्याआधी कधी फोन केला नव्हता. त्यांचा आवाज चढलेला होता आणि थोडा कापत होता. आईबरोबर तडक कॅज्युअल्टीत जायला सांगितलं, ईसीजी झाला, रक्त तपासलं, पोटॅशियम खूप खाली गेलेलं. वारंवार उलट्या झाल्या की ते होतं, आणि पोटॅशियम घसरलं की हृदयाच्या ठोक्यांचा भरवसा राहत नाही, वय २२ असलं तरी. दोन दिवस ठेवून घेतलं.

पुढच्या गुरुवारी मॅडमनी नवीन कागद घेतला. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, उलटीत रक्त, जीव द्यावासा वाटणं. त्यापुढे: "हे मेलवर नाही. कॅज्युअल्टी." मग म्हणाल्या की चूक माझीच, हे पहिल्याच दिवशी लिहून द्यायला हवं होतं. मोठ्या माणसाने माझ्यासमोर चूक कबूल केल्याचं मी फारसं बघितलेलं नव्हतं, त्यामुळे मला पोटॅशियमपेक्षा ते जास्त लक्षात राहिलंय.

वेटिंगमध्ये एक मुलगी भेटायची, माझ्याच वयाची, तिला अनोरेक्सिया. तिने पण मेलचं करून बघितलं. तिचे मेल म्हणे इतके व्यवस्थित असायचे की काय सांगू, सगळी जेवणं वेळेवर, सगळं सुरळीत, आणि वजन दर आठवड्याला खाली. तिच्याकडून लबाडी होत होती असं मी म्हणणार नाही, आजार लिहायचा तिच्या हाताने. शेवटी वजनकाटा मॅडमच्या खोलीत होता म्हणून ते समजलं, आणि तिला ॲडमिट करावं लागलं. स्क्रीनवर शब्द पोचतात, बाकी काही नाही पोचत. सैल कपडे घातलेत ते दिसत नाही, उन्हाळ्यात स्वेटर घातलाय ते दिसत नाही, हाताचा गारवा तर नाहीच नाही. म्हणून नुसत्या मेलवर कुणाचे उपचार चालू आहेत असं ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. व्हिडिओवर होणाऱ्या सेशनचं वेगळं आहे, बुलिमियासाठी समोरासमोर आणि व्हिडिओवरून अशी सीबीटी देऊन बघितलेली आहे, आणि बरे होण्यात फार अंतर पडलं नाही. व्हिडिओत निदान भुवया असतात.

हल्ली सगळं फोनमध्ये आलंय. रिकव्हरी रेकॉर्डसारखी ॲप आहेत, जेवलं की तिथेच नोंद करायची आणि पलीकडे थेरपिस्टला ती दिसते, जिन्यात बसून भरायची सोय गेली, बरं झालं. पण त्याच फोनमध्ये, अंगठ्याच्या अंतरावर, कॅलरी मोजणारं ॲप पण असतं आणि पोट आत घेऊन उभ्या राहिलेल्या बायका पण असतात, माझ्या वेळी निदान आजार आणि औषध एकाच डब्यात नव्हते. २०२३ मध्ये अमेरिकेत ईटिंग डिसऑर्डरच्या, म्हणजे खाण्याच्या असल्याच आजारांच्या, लोकांसाठी ठेवलेला एक चॅटबॉट त्यांनाच वजन कमी करायच्या टिप्स द्यायला लागला, बोंब झाली तेव्हा बंद केला. बातमी वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. त्याला विचारलं होतं तेच त्याने सांगितलं असणार. मॅडमना मी दहा वेळा वजनाचं विचारलंय आणि दहाही वेळा त्यांनी विचारलंय, जेवलीस का.

आणि ब्लू टिक! मैत्रिणीची मुलगी सध्या याच आजाराच्या उपचारात आहे, तिच्या थेरपिस्टशी व्हॉट्सॲप चालतं. रात्री मेसेज टाकते, दोन निळ्या रेघा येतात, उत्तर नाही. मग ही पहाटेपर्यंत त्या रेघांकडे बघत बसते, वाचलं तर मग बोलत का नाही, रागावली असेल, कंटाळली असेल. मी मैत्रिणीला म्हटलं, तिच्या थेरपिस्टला सांग की वेळ ठरवून घ्या, कधी वाचणार आणि कधी नाही ते आधीच सांगून टाका, आणि त्या निळ्या रेघा बंद करा बाई. फोन वाचतो आणि माणूस वाचतो यात फरक आहे. मॅडमचं "वाचलं" टाइप केलेलं असायचं. एकदा तर घाईत त्यातलं एक अक्षर गळलेलं, ते पण फोल्डरमध्ये तसंच आहे.

मी सगळे १८३ मेल नाही वाचले. मधले बरेच सोडले. शेवटाकडचे वाचले, तिथे अंतरं वाढत गेलीयत, रोजचे मेल तीन दिवसांवर, मग आठवड्यावर, कधी "नाही झालं", कधी परत "झालं", आपण सरळ रेषेत बऱ्या झालो असं मला वाटायचं पण तारखा बघितल्या तर तसं काही नाही. एका ठिकाणी सलग दीड महिना काहीच नाही.

मग सगळ्यात शेवटचा. दुपारी १:२० चा, ऑफिसातून केलेला. पहिल्यांदाच सब्जेक्ट लिहिलाय, "अपॉइंटमेंट". "मॅडम, या गुरुवारी मीटिंग आहे, येता येणार नाही. पुढच्या गुरुवारी चालेल का? आत्ता घाईत आहे, जेवायला सगळे थांबलेत."

उत्तर: "चालेल. जा जेवायला."